भरीत, लिव्हर आणि बबनभाऊ

मागच्या महिन्यात परदेशातल्या एका विद्यापीठातून मला मेल आली. लिहिणारी बाई आमच्या विषयातली जाणती संशोधक. मजकूर अगदी अदबीचा आणि शेवटी तीन प्रश्न : वांगं किती वेळ भाजता? कोणत्या लाकडावर? आणि जळलेलं साल पूर्ण काढता की थोडं राहू देता?

मी ती मेल नवऱ्याला वाचून दाखवली. ते बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे दुसऱ्यांच्या कामाचा हिशोब मांडायची खोड अजून गेलेली नाही. म्हणाले, "जन्मभर लॅबमध्ये डोकं घालून बसलीस आणि जगाला तुझ्याकडून शेवटी हवं काय, तर भरताची रेसिपी!" मी म्हटलं, "हवं तर आहे ना काहीतरी! तुमच्या बँकेतून कोणाचा फोन येतो का आता?" त्यावर ते पेपर वाचायला लागले.

मी औषधशास्त्राची प्राध्यापक होते, वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात. हे बोरगावातल्या आमच्या गल्लीला कधीच समजलं नाही. दाराबाहेर 'डॉ.' अशी पाटी, म्हणून बाया गुडघे धरून यायच्या. "डॉक्टरीनबाई, लय ठणकून राह्यला, काहीतरी द्या ना." मी म्हणायचे, "अगं, मी औषध देणारी डॉक्टर नाही. औषध पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते पाहणारी आहे." समोरच्या घरातल्या वनिताबाई एकदा खूप विचार करून म्हणाल्या, "म्हंजे दुसऱ्या डॉक्टरनं दिलेलं औषध तुमी पोटात पाहता? मंग तुमच्याजवळ काऊन येतो आमी!" तेव्हापासून गुडघे कमी झाले.

तर हे पोटातलं प्रकरण थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण गोळी घेतो ती आपल्या भल्यासाठी, पण शरीराला तिचं काही कौतुक नसतं. त्याच्या लेखी ती आगंतुक. लिव्हरमध्ये एन्झाइम नावाचे कामगार असतात. ते गोळी मोडतात, तोडतात आणि बाहेर जाईल अशी करून ठेवतात. कामगार नेमके असतील तर गोळी आपलं काम करते आणि निघून जाते. ते वाढले तर गोळी काम करायच्या आधीच बाहेर. कमी पडले तर गोळी अंगात साचून राहते आणि औषधाचंच दुखणं होतं. कोणाच्या लिव्हरमध्ये कोणते कामगार किती, आणि ते कशानं कमी-जास्त होतात, हे मोजण्यात माझी नोकरी गेली.

हे मोजणारं एक महागडं मशीन आमच्या खात्यात होतं. त्याच्या नळीत हवेचा एवढासा बुडबुडा शिरला की दिवस वाया. आमचे हे त्याला माझी सवत म्हणायचे. त्या सवतीच्या जिवावर मी बरेच लेख लिहिले. आमच्या धंद्यात मानपान एकाच गोष्टीवर ठरतो : तुमच्या लेखाचा हवाला दुसऱ्यानं त्याच्या लेखात दिला की नाही. त्या हिशोबानं माझे बहुतेक लेख मी, टंकलेखक आणि संपादक सोडून कोणी वाचले असतील असं वाटत नाही. एक मात्र देशोदेशी गेला. औषधांच्या चाचण्या करणारे काही लोक आता जेवणाबद्दल विचारताना 'भाजलेल्या भाज्या खाता का?' असंही विचारतात आणि खाली आमच्या लेखाचा हवाला देतात. तो लेख माझा नाही, खरं तर. तो शुभांगीचा आहे, आणि अर्धा बबनभाऊंचा.

शुभांगी माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मशीनसमोर वाघीण आणि माणसांसमोर शेळी. लग्न झालेलं, पदरात लेकरू, त्यात सासूबाईंचं आजारपण. मुदतवाढ घेता घेता शेवटची मुदत हाती आलेली. विद्यापीठानं बजावून सांगितलं होतं, या खेपेला प्रबंध आला नाही तर नाव कमी. ती घाबरून एवढीशी झाली होती.

तिचा विषय साधा होता. आमच्याकडे खोकल्यावर घरोघरी एक काढा करतात. दम्याची गोळी चालू असलेली माणसंही वरून हा काढा पितात. काढ्यानं लिव्हरचे कामगार वाढून ती गोळी वाया जाते का, हे पाहायचं होतं. आता धडधाकट माणसांना दम्याची गोळी कशाला द्यायची? त्याला एक वाट आहे. जो कामगार दम्याची ती गोळी मोडतो, तोच चहा-कॉफीतलं कॅफीनही मोडतो. म्हणून कॅफीनची गोळी द्यायची आणि दिवसभरात ठरावीक वेळांनी लाळ घेऊन त्यात कॅफीन किती उरलं ते मोजायचं. भराभर कमी झालं तर समजायचं, कामगार वाढले. सुई नाही, रक्त नाही, फक्त नळीत थुंकायचं.

स्वयंसेवक म्हणून मी तळेगावची माणसं निवडली. श्यामजी पंतांचं तळेगाव म्हणजे माझं माहेर. होस्टेलची पोरं तयार होती, पण त्यांच्या खाण्याचा काही भरवसा नाही. आज नूडल्स, उद्या उपास. शेतावरची माणसं बारा महिने सारखंच जेवतात, असं मी शुभांगीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. चुलतभाऊ बबन याला फोन केला. त्याचा भाजीपाल्याचा मळा : वांगी, टमाटे, मेथी, आणि सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. बबनभाऊ म्हणजे दिलदार माणूस. म्हणाला, "थुंकाचंच हाय ना? मंग गाव गोळा करतो." त्याची बायको सुमनवहिनी, शेजारपाजारचे शेतकरी, त्यांच्या बाया, अशी पुरेशी मंडळी जमली.

दिवाळी आटोपल्यावर एका रविवारी शाळेच्या खोलीत पहिली फेरी झाली. कॅफीन मोजायचं म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद. बाप्पा, काय ती अवस्था! माणसं सकाळी आली ती सुतकात असल्यासारखी. कोणाचं डोकं दुखतंय, कोणी बायकोशी बोलत नाही. सुमनवहिनी म्हणाली, "कमलताई, उपास जमते, निर्जळीबी जमते, पन चहाबिगर मले मी कोन हाव हेच समजून नाई राह्यलं." दुपारपर्यंत मात्र सगळे थुंकण्यात तरबेज झाले. बबनभाऊ नळी उजेडात धरून बायकोला दाखवत होता, "पाय, माही जास्त भरली."

आधी शुभांगीनं प्रत्येकाला प्रश्न विचारले होते. विडी-सिगरेट? दारू? आणि तिसरा प्रश्न : कोळशावर भाजलेलं मांस खाता का? हा प्रश्न अशा अभ्यासात नेहमी विचारतात. जळक्या धुराची काजळी पोटात गेली की हेच कामगार वाढतात, म्हणून. आम्ही तो परदेशी पद्धतीतून जशाचा तसा उचलला होता. बबनभाऊच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "राम राम! पोरी, सकाळी सकाळी काय विचारून राह्यली?" सगळी मंडळी शाकाहारी, एकही विडी ओढणारा नाही. शुभांगी खूश, मी खूश. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना रोज काढा आणि निम्म्यांना नुसतं आलं घातलेलं गुळाचं पाणी सुरू केलं. काही आठवड्यांनी, चांगली थंडी पडल्यावर, दुसरी फेरी घेतली.

दुसऱ्या फेरीतल्या काढेवाल्यांच्या नळ्या शुभांगीनं आधी मशीनवर चढवल्या आणि धावतच माझ्या खोलीत आली. दार वाजवायचंही विसरली. "मॅडम, काढा काम करतो! कॅफीन भराभर जातंय!" मी इतकी हरखले की कँटीनमधून समोसे मागवले. दुसऱ्या दिवशी गूळपाणीवाल्यांच्या नळ्या झाल्या. त्यांचंही कॅफीन तितक्याच भराभर जात होतं. आली का पंचाईत! गुळाच्या पाण्यानं असं होत असतं तर रसवंतीवाले कधीच औषध कंपन्यांचे मालक झाले असते. म्हणजे कामगार सगळ्यांचेच वाढले होते, आणि काढ्याचा त्यात काही हात दिसत नव्हता.

आमच्या कॉलेजात आकडेशास्त्राचे एक सर होते. माणूस वाईट नाही, पण जगात दोनच जाती मानायचा, आकडे आणि अडचणी. त्यांनी कागद पाहिला न पाहिला आणि निकाल दिला. "थंडी पडली, सगळ्यांनी विड्या सुरू केल्या. मॅडम, खेड्यातली माणसं तोंडावर गोड बोलतात, खरं सांगत नाहीत. हे सगळं काढून टाका आणि नव्यानं सुरू करा." माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "सर, ती माझी माणसं आहेत." ते म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला दिसत नाही." तंबाखू तपासून पाहावी तर लाळेचा थेंब उरला नव्हता, सगळी सवतीनं गिळली होती. आणि नव्यानं सुरू करायचं म्हणजे नवी माणसं, नव्या दोन फेऱ्या. शुभांगीची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. पोरगी माझ्यासमोर रडली नाही, पण बाथरूममधून आली तेव्हा डोळे लाल होते.

त्यात तिनं आणखी एक घोळ घातला. घरी जाऊन बबनभाऊला फोन लावला आणि भीत भीत विचारलं, "काका, खरं सांगाल का, तुम्ही लोक विडी ओढता का?"

दहा मिनिटांत माझा फोन वाजला. "कमल, तू माही बहीन हायेस म्हून शांत बोलून राह्यलो. आमी तुह्यासाठी चहा सोडला. पोराटोरांनी हसून घेतलं, बुढे लोक नळीत थुंकून राह्यले म्हून. अन् आता आमीच खोटारडे? या गावातलं आता एकबी मानूस येनार नाई, सांगून ठेवतो." मी काही बोलायच्या आत फोन ठेवला. बबनभाऊनं माझा फोन असा कधी ठेवला नव्हता. मला फार वाईट वाटलं. शुभांगीची डिग्री एकीकडे आणि माझ्या माहेराचा शब्द दुसरीकडे, दोन्ही एकाच वेळी बुडायला निघाले होते.

रविवारी शुभांगीला गाडीत घातलं आणि आर्वीमार्गे तळेगाव गाठलं. बबनभाऊ मळ्यात होता, मंडळीही तिथेच. कोणी 'या' म्हणालं नाही. सुमनवहिनी मात्र पुढे आली. "जेवून घ्या पयले. भांडाले पोटात काही लागते का नाई?"

तिकडे तुराट्यांचा जाळ केला होता. तुराट्या म्हणजे तूर झोडल्यावर राहिलेल्या काड्या, भसाभस पेटतात. त्यात मळ्यातली मोठाली वांगी टाकलेली, काळीठिक्कर झालेली. सोबत मिरच्याही भाजत होत्या. बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, पुरलेले. वहिनीनं सोललेली वांगी ठेचली, त्यात मिरची, पातीचा कांदा, सांबार, वरून कच्चं तेल. पळसाच्या पानावर वाढलं. माझा राग, काळजी, सगळं त्या वासानं घटकाभर बाजूला झालं. दोन घास खाल्ले. दाताला जळक्या सालाचा काळा कण लागला. तो जिभेनं काढता काढता मी थांबले.

"वहिनी, हे भरीत कधीपासून सुरू आहे?"

"चंपासष्ठीपासून. तुले मालूम नाई का? माहेर इसरली का काय?" सुमनवहिनी हसली. "चातुर्मासात आमी वांगं तोंडाले लावत नाई. पिकवतो, तोडतो, बाजारात इकतो, पन खात नाई. चंपासष्ठीले देवाले भरीत-रोडग्याचा निवद दाखवला का मंग मोकळे."

"मग आता रोज?"

"रोज म्हंजे काय, एखांदा दिवस सुटत असन. रातीचं उरलं तं सकाळी न्याहारीले."

मी शुभांगीकडे पाहिलं. तिचा घास हातातच राहिला होता. पहिली फेरी दिवाळीनंतर, म्हणजे वांगं बंद असताना. दुसरी फेरी चंपाषष्ठीनंतर, भरीत जोरात असताना. आणि आम्ही विचारत काय होतो, तर कोळशावरचं मटण! लिव्हरला कुठे कळतं की ते मटण होतं की वांगं? त्याला जळक्या धुराची काजळी पोचली की झालं. काढा पिणारे आणि गूळपाणी पिणारे, सगळे एकाच जाळावरचं भरीत खात होते.

मी तिथल्या तिथे उभी राहिले. "बबनभाऊ, तुम्ही कोणी खोटं बोलला नाहीत. आम्हीच भलतं विचारलं." मग सगळं समजावून सांगितलं. बबनभाऊनं ऐकून घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही. "हे तुले समजलं, मले समजलं. तुह्या त्या सराले कोन सांगनार?" 

बरोबर होतं त्याचं. हा काही पुरावा नव्हे. पुरावा हवा तर एकच मार्ग. काढा आणि गूळपाणी थांबवायचं, नव्यानं चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनी भरीत चालू ठेवायचं, निम्म्यांनी बंद करायचं, आणि तिसरी फेरी घ्यायची. हे मी बोलले मात्र, सगळे आपापल्या पानातल्या भरताकडे पाहायला लागले. ऐन भरताच्या दिवसांत भरीत बंद! एक म्हातारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "डॉक्टरीनबाई, काढा पाजा, अजून काही पाजा, पन हे नोका सांगू." शेवटी बबनभाऊच उठला. "आपल्याले खोटं म्हनलं ना? मंग दाखवू त्याले. टाका चिठ्ठ्या."

एथिक्स कमिटीची नवी परवानगी घ्यावी लागली. तिथे एका सदस्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "भरताचे दुष्परिणाम काय?" मी म्हटलं, "झोप येते." परवानगी मिळाली. मळ्यातच चिठ्ठ्या काढल्या. सुमनवहिनीला निघालं 'भरीत चालू', आणि बबनभाऊला 'भरीत बंद'. एका घरात एक जण भरीत खाणार आणि दुसरा वांग्याची रस्सा भाजी. वहिनी हसून हसून खाली बसली. बबनभाऊ चिठ्ठी उलटीपालटी करून पाहत होता, मागच्या बाजूला काही वेगळं लिहिलंय का म्हणून.

पुढचे काही आठवडे बबनभाऊचे फोन सुरूच. "ही मुद्दाम माह्यासमोर बसून खाते." "आज शेजाऱ्याच्या वावरात भाजून राह्यले, वास येते, वासानं काही होते का?" मी सांगायचे, वासानं होत नाही, पण धुरात उभा राहू नकोस. तो लांबून चक्कर मारून घरी जायचा.

तिसऱ्या फेरीच्या सकाळी शाळेत सगळ्यांच्या आधी बबनभाऊ येऊन उभा होता. एकटाच. टोपी हातात. शुभांगीनं खुर्ची दिली तरी बसला नाही.

"पोरी, माहं नाव काटून टाक."

"का, काका?"

"साळ्याच्या पोरीचं लगन होतं. आठ दिवस सासरवाडीले गेलतो, मांडव-बिंडव पाहाले, कालच आलो. पयल्या दिवशी भरीत वाढलं तं मी नाई म्हनलं. सासू म्हने, जावईबापू, राग आला का? कोनं काही बोललं का? समदा मांडव माह्याकडे पाहाले लागला. म्या खाल्लं मंग. दुसऱ्या दिवशीबी खाल्लं. मंग रोजच खाल्लं." त्यानं मान वर केली नाही. "समद्या गावाले मी म्हनलं होतं, दाखवू त्याले. अन् मीच घान केली. तुहं पुस्तक बिघडवलं मी."

मी म्हटलं, "अरे, होतं असं. बस आता, थूक." तो बसला, नळ्या भरल्या, पण एकही नळी उजेडात धरून पाहिली नाही. या खेपेला लाळेत तंबाखूचा अंश आहे का तेही तपासलं. कोणाच्याच नव्हता, एकाच्याही नाही. आकडेवाल्या सरांनी तो कागद दोनदा पाहिला आणि मग मला आपणहून चहा पाजला. हा मान मी हक्कानं घेतला.

आलेख तयार झाला. भरीत चालू असलेल्यांचे ठिपके एकीकडे, बंद असलेल्यांचे दुसरीकडे. सासूच्या आग्रहाचा परिणाम साफ दिसत होता : बंदवाल्यांतला एकच ठिपका तिकडे भरीतवाल्यांत जाऊन बसला होता. त्या एका ठिपक्यानं दोन गटांतला फरक काठावर आणून ठेवला. सर म्हणाले, "हा काढून टाका, निकाल एकदम ठणठणीत होईल. त्यानं खाल्लंच होतं, तोच सांगतो ना, काढून टाका म्हणून." मलाही क्षणभर मोह झाला. मुदत संपत आलेली, प्रबंध काठावरचा, आणि बाहेरचे परीक्षक कडक म्हणून प्रसिद्ध. आमच्या शास्त्राचा नियम मात्र असा आहे की चिठ्ठीनं ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचं. नाहीतर प्रत्येक जण नावडते ठिपके काढत बसेल.

मी काही बोलणार तेवढ्यात शुभांगी बोलली. "नाही सर. काका जिथे निघाले तिथेच राहतील. काय झालं ते मी खाली लिहीन." इतक्या दिवसांत मी तिला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. सर माझ्याकडे पाहायला लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं.

प्रबंध तसाच गेला. तोंडी परीक्षेला परीक्षक आले, ते खरंच कडक. काढ्याचं काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. शुभांगीनं सरळ सांगितलं, भरतानं सगळं झाकून टाकलं, काढ्याबद्दल आम्हाला काही ठाम सांगता येत नाही. ते मलाही आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ती रुखरुख आहेच. मग त्यांनी आलेखावर बोट ठेवलं.

"ज्यांनी भरीत बंद केलं म्हणता, त्यांनी चोरून खाल्लं नाही हे कशावरून? तुम्ही काही त्यांच्या चुलीपाशी बसला नव्हतात."

मी मागच्या रांगेत होते. याच एका प्रश्नावर सगळं होतं. शुभांगीनं पुढे होऊन त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"सर, हे बबनकाका. यांनी भरीत बंद करायचं होतं. सासरी आग्रह झाला म्हणून यांनी खाल्लं, आणि यांचा ठिपका कुठे गेला ते दिसतंय. बाकीच्यांनी चोरून खाल्लं असतं तर त्यांचेही ठिपके इथेच आले असते. ते आले नाहीत. आणि काकांना आम्ही काही विचारलं नव्हतं. फेरीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ते स्वतः सांगून गेले."

परीक्षकांनी वाकून तो ठिपका पाहिला. मग चष्मा काढला आणि विचारलं, "सासूबाईंनी आठ दिवस रोज भरीत वाढलं?" सगळा हॉल हसला. बाहेर आल्यावर त्यांनी शुभांगीला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. मी म्हातारी बाई भर कॉरिडॉरमध्ये रडले, लाज सोडून.

तिकडे बबनभाऊला यातलं काही माहीत नव्हतं. त्या सकाळपासून तो मला टाळत होता. एका लग्नात मला पाहून चक्क दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला. आपल्यामुळे पोरीचं वर्ष गेलं, असा त्यानं समज करून घेतला होता. मी फोनवर पास-नापास काही सांगितलं नाही. पेढे घेतले, शुभांगीला घेतलं आणि थेट मळ्यात गेलो.

तो वाफ्याला पाणी देत होता. आम्हाला पाहून फावडं टेकवून उभा राहिला, पुढे आला नाही. शुभांगीच गेली त्याच्यापर्यंत, चपला हातात घेऊन, चिखलातून. पाया पडली. "काका, मी पास झाली. तुमच्यामुळे." आणि परीक्षकांनी काय विचारलं, तिनं कोणता ठिपका दाखवला, ते सगळं त्याला सांगितलं.

बबनभाऊनं पेढा हातात धरला, पण तोंडाकडे नेला नाही. पाणी वाफा फोडून बाहेर चाललं होतं, त्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे त्या दिवशी मी बोललो नसतो तं?"

"तर माझ्याकडे उत्तर नव्हतं, काका."

तो हळूच वळला. मागे सुमनवहिनी वांग्याची टोपली घेऊन उभी होती. "आयकलं का वं?" बबनभाऊनं पेढा तिच्यापुढे धरला. "तू तं म्हनत होती, चूप राहा, कोनाले मालूम पडते!"

सुमनवहिनीनं टोपली खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. "म्हनलं होतं ना, हाव. पन तुमी रातभर असे तळमळून राह्यले का मीच म्हनलं शेवटी, जा बाप्पा, सांगून या एकडाव, अन् मले झोपू द्या."